गांठ कोणीं सोडावी?

विवाह मोडण्याला आपल्या भाषेंत जे शब्द आहेत ते मोठे विचार करण्याजोगे आहेत. ‘काडीमोड’ म्हटली कीं एक वाळकी काडी आणि चार जातभाई एवढें साहित्य पुरतें, ‘सोडचिठ्ठी’ला एक कागद लागतो, आणि ज्याला सुशिक्षित समाज आज आदरानें ‘घटस्फोट’ म्हणतो, तो शब्द धर्मशास्त्रांत मुळीं नवराबायकोंचा नव्हेच. पतिताला जातीबाहेर घालतांना त्याच्या नांवाचा जो घट फोडीत, त्या विधीचें तें नांव. शब्द निरनिराळे असले तरी त्या सर्वांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही कीं, गांठ सोडून देणारा कोणी तरी आहे. मग ती जातपंचायत असो, काझी असो, कीं कोर्ट असो. गांठ बसलेली आहे, ती नको आहे असें दोघांचेंही म्हणणें आहे, आणि तरीही ती सोडण्याचा अधिकार आपणांस नाहीं असें जो तो न्यायाधीश सांगत आहे, ही अवस्था आपल्या जुन्या शब्दकारांच्या कल्पनेंतही आली नसती. ती आली एकविसाव्या शतकांत, आणि तीही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत.

समलिंगी विवाहाचा विषय निघाला म्हणजे बहुधा लग्नाचीच चर्चा होते. असे विवाह असावेत कीं नसावेत, यावर कोणत्या देशानें काय ठरविलें, कोठें मिरवणूक निघाली आणि कोठें निषेध झाला. वाचकांपैकीं कांहींना हा विवाह संमत असेल, कांहींना नसेल. त्या वादांत आज शिरण्याचें कारण नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला विवाहसंस्थेचें खरें रूप लग्नमंडपापेक्षां कोर्टाच्या दारांतच अधिक स्पष्ट दिसतें. लग्नांत कायदा पाहुण्यासारखा येऊन जातो. संसार मोडतो तेव्हां मात्र तो घरांतील भांडीं मोजावयास बसतो.

ऱ्होड आयलंड हें संयुक्त संस्थानांतील आकारानें सर्वांत लहान संस्थान. शेजारच्या मॅसाच्युसेट्समधील कर्मठ मंडळींनीं हद्दपार केलेल्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकानें १६३६ सालीं येथें येऊन प्रॉव्हिडन्स हें गांव वसविलें. ज्यांना मॅसाच्युसेट्समध्यें थारा नसे त्यांनीं ऱ्होड आयलंडांत यावें, अशी ही जुनी वहिवाट. पुढें पावणेचारशें वर्षांनीं ही वाट उलटी वाहूं लागली. २००४ च्या मे महिन्यांत मॅसाच्युसेट्समध्यें समलिंगी विवाह कायदेशीर झाले, आणि त्याच महिन्यांत ऱ्होड आयलंडांतील दोन स्त्रिया सरहद्दीपलीकडच्या फॉल रिव्हर गांवीं जाऊन विधियुक्त विवाह करून परत आल्या. दोन वर्षांनीं त्यांचें पटेनासें झालें. २००६ सालीं त्यांनीं आपल्या राहत्या संस्थानाच्या कौटुंबिक न्यायालयांत घटस्फोटाचा अर्ज केला. तेथील न्यायाधीशाला पेंच पडला. त्यानें निकाल न देतां, अशा अर्जाची सुनावणी करण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हा प्रश्नच संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविला.

२००७ च्या डिसेंबरांत उत्तर आलें. पांचांपैकीं तीन न्यायमूर्ति म्हणाले, अधिकार नाहीं. त्यांची विचारसरणी अशी: कौटुंबिक न्यायालय १९६१ च्या कायद्यानें स्थापन झालें. विवाहाच्या बंधनांतून मुक्त करण्याचा अधिकार त्याला त्या कायद्यानें दिला. मग १९६१ सालीं कायदेमंडळानें ‘विवाह’ हा शब्द लिहिला तेव्हां त्याच्या मनांत कोणता अर्थ होता? त्यासाठीं न्यायमूर्तींनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेला वेब्स्टरचा मोठा कोश उघडला. कोशांत विवाह म्हणजे भिन्नलिंगी व्यक्तीशीं झालेलें मीलन. तेव्हां या दोन स्त्रियांमधील संबंध, मॅसाच्युसेट्सनें त्याला कांहींही नांव दिलें असलें तरी, आमच्या कौटुंबिक न्यायालयापुरता विवाह नव्हे. आणि जो विवाह नव्हे त्यापासून घटस्फोट कसा द्यावयाचा?

भाषेच्या अध्यापकाला येथें क्षणभर थांबल्यावांचून राहवत नाहीं. वेब्स्टरचा हा १९६१ चा कोश निघाला तेव्हां अमेरिकेंतील विद्वानांनीं त्यावर केवढा हल्ला चढविला होता! आक्षेप हा कीं, कोशानें शुद्धाशुद्धाचा निर्णय देण्याचें आपलें कर्तव्य टाकलें, आणि लोक बोलतील तें निमूटपणें टिपून ठेवलें. संपादकांचें उत्तर असें कीं, कोशकार हा न्यायाधीश नव्हे. शेहेचाळीस वर्षांनीं त्याच कोशाला न्यायासनावर बसण्याचा प्रसंग आला. अर्थात् बहुमताच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं असें नव्हे. कायद्याच्या शब्दाचा अर्थ तो कायदा झाला त्या दिवशींचा घ्यावा, नवा अर्थ हवा असेल तर कायदेमंडळानें घालावा, हा नियम पुष्कळ ठिकाणीं न्यायाधीशाच्या लहरीला आवर घालतो. पण विरुद्ध मत देणाऱ्या दोघांनीं, न्यायमूर्ति सटेल यांच्या लेखणीनें, जें सांगितलें तें अधिक सरळ वाटतें. आम्हांला येथें कोणाचें लग्न लावावयाचें नाहीं. दुसऱ्या संस्थानानें परवाना देऊन लावलेलें लग्न अस्तित्वांत आहे, आणि तें संपविण्यासाठीं हे पक्षकार आमच्या दारीं आले आहेत, एवढाच प्रश्न आहे.

मग या बायांनीं मॅसाच्युसेट्समध्येंच जाऊन घटस्फोट कां घेतला नाहीं, असें वाचक विचारील. उत्तर अगदीं साधें आहे. लग्नाला वास्तव्याची अट नव्हती, घटस्फोटाला होती. घर दुसऱ्या संस्थानांत आणि बेबनावही तेथेंच झालेला, अशा स्थितींत मॅसाच्युसेट्सच्या कोर्टांत जावयाचें तर आधीं तेथें वर्षभर राहावें लागे. नोकरी, बिऱ्हाड, मुलें असतील तर त्यांची शाळा, सारें उचलून केवळ मोडण्यासाठीं परगांवीं संसार थाटावयाचा! अमेरिकेच्या इतिहासांत संस्थानांच्या सरहद्दी एके काळीं बरोबर उलट कामाला येत असत. १९३१ सालीं नेव्हाडानें वास्तव्याची मुदत सहा आठवड्यांवर आणली, आणि रीनो गांवचीं वसतिगृहें घटस्फोटेच्छु पाहुण्यांनीं भरून गेलीं. श्रीमंत न्यूयॉर्ककराला जी सरहद्द सुटकेची वाट होती, तीच समलिंगी दांपत्याला भिंत झाली.

ही अडचण ऱ्होड आयलंडांत प्रथम उद्भवली असें मात्र नाहीं. व्हरमाँट संस्थानानें २००० च्या जुलैपासून ‘सिव्हिल युनियन’ नांवाचा, विवाहाचे सर्व हक्क देणारा पण विवाह न म्हणविणारा संबंध सुरूं केला. देशभरांतून दांपत्यें तेथें गेलीं, सही करून परत आलीं. पैकीं कनेक्टिकटच्या एका गृहस्थानें तो संबंध संपविण्यासाठीं स्वतःच्या संस्थानांत अर्ज केला, तेव्हां २००२ सालीं तेथील अपील कोर्टानें सांगितलें कीं, ही कौटुंबिक बाबच नव्हे. तो वरच्या कोर्टाकडे गेला. कोर्टानें प्रकरण दाखल करूनही घेतलें. पण सुनावणीपूर्वींच अर्जदार मरण पावला, आणि निर्णय करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणून कागद बंद झाले. मृत्यूनें जो निकाल दिला तो कोर्टाला देतां आला नाहीं. आयोवांतील हकीकत याहून विनोदी. २००३ सालीं सू सिटी येथें न्यायाधीश जेफ्री नीरी यांनीं दिवसाच्या ढिगाऱ्यांतील एका बिनतक्रारी घटस्फोटाच्या कागदावर सही केली. दोन्ही पक्षकार स्त्रिया आहेत हें त्यांच्या प्रथम ध्यानांतच आलें नव्हतें. गहजब झाला. कायदेमंडळाचे सभासद आणि एक चर्च कोर्टांत धांवलें. न्यायाधीशानें हुकुमाचा मजकूर बदलून, हा घटस्फोट नसून सिव्हिल युनियनची समाप्ति आहे, असें केलें. २००५ सालीं आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानें तक्रारदारांना परत पाठविलें: दोन परक्या बायांचा संबंध तुटला, यांत तुमचें काय गेलें? हा प्रश्न त्या काळीं इतर न्यायालयांनाही सुचता तर पुष्कळ कागद वांचला असता.

आतां या सगळ्या गुंत्याचें मूळ पाहूं गेल्यास तें आणखी दीडशें वर्षें मागें, आणि लंडनमध्यें सांपडतें. जॉन हाइड नांवाचा एक इंग्रज तरुण मॉर्मन पंथांत शिरून अमेरिकेंतील युटा प्रांतीं गेला, आणि १८५३ सालीं तेथें त्यानें त्याच पंथांतील मुलीशीं लग्न केलें. पुढें त्याचा विश्वास उडाला. पंथानें त्याला बहिष्कृत केलें, त्याची बायको मोकळी झाल्याचें जाहीर केलें, आणि तिनें दुसरा विवाह केला. हाइड इंग्लंडला परतला, धर्मोपदेशक झाला, आणि व्यभिचाराच्या कारणावरून त्यानें घटस्फोट मागितला. त्यानें स्वतः कधींही दुसरी बायको केली नव्हती. पण १८६६ सालीं न्यायाधीश वाइल्ड, जे पुढें लॉर्ड पेन्झन्स झाले, त्यांनीं अर्ज फेटाळला. कारण, ज्या पंथांत अनेक बायका करतां येतात त्यांतील विवाह हा ख्रिस्ती जगाला ठाऊक असलेला विवाह नव्हे. तो एका पुरुषाचा व एका स्त्रीचा, आजन्म आणि इतरांस वगळून झालेला संबंध असला पाहिजे. ही व्याख्या पुढें शंभर-दीडशें वर्षें जगभर उद्धृत झाली, आणि समलिंगी विवाहाच्या विरुद्ध तर ती ढालीसारखी वापरली गेली. पण ती एका घटस्फोटाच्या दाव्यांत, एका माणसाला दारांतून परत पाठविण्यासाठीं जन्मली, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

आणि या दारावरून परत गेलेल्यांत आपलेही लोक होते. हिंदु व मुसलमान विवाहांत बहुपत्नीत्वाची मुभा असल्यामुळें हाइडच्या निकालानें विलायतेंतील विवाहविषयक कोर्टें त्यांनाही बंद झालीं. नवऱ्यानें दुसरी केली असो वा नसो. करतां आली असती, एवढें पुरे होतें. गंमत अशी कीं, हाच विवाह दुसऱ्या कामाला मात्र चालत असे. भारतांत हिंदु पद्धतीनें लग्न झालेल्या एका गृहस्थानें १९३९ सालीं लंडनमध्यें इंग्रज स्त्रीशीं विवाह नोंदविला. १९४६ सालीं तेथील अपील कोर्टानें त्याचा पहिला विवाह खरा धरून दुसरा रद्द केला. म्हणजे बांधण्यापुरतें लग्न खरें, सोडण्यापुरतें खोटें. पार्लमेंटनें ही विसंगति दूर केली ती १९७२ सालीं, हाइडच्या निकालानंतर एकशें सहा वर्षांनीं. ज्या जातींच्या बायका आपल्या गांवीं काडी मोडून मोकळ्या होत, त्यांना मागासलेल्या म्हणणाऱ्या साम्राज्याच्या राजधानींत ही व्यवस्था होती!

मॅसाच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं जवळजवळ याच प्रसंगाची पुनरावृत्ति केली. एका पुरुषानें पूर्वीं व्हरमाँटमध्यें सिव्हिल युनियन केलें होतें. तें न संपवितांच त्यानें मॅसाच्युसेट्समध्यें दुसऱ्या पुरुषाशीं विवाह केला. हा दुसरा संबंधही मोडकळीस आला तेव्हां पहिला उघडकीस आला, आणि न्यायालयानें विवाह शून्य ठरविला. पहिली गांठ सुटलेली नसतां दुसरी बसत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें निकाल निर्दोष आहे. पण जी गांठ सोडावयास कनेक्टिकट तयार नव्हतें आणि व्हरमाँट वास्तव्याशिवाय हात लावीत नव्हतें, ती त्या माणसाच्या पायांत आयुष्यभर अडकून राहावयाची होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या प्रश्नाची तीव्रता कळते. नवा संसार करावा तर द्विभार्याप्रतिबंधाचा गुन्हा, न करावा तर जुन्याच्या नांवानें एकटें राहणें.

टेक्ससनें वेगळीच युक्ति काढली. तेथील संविधानांत २००५ सालीं समलिंगी विवाहाची मनाई घातली गेली होती. २००९ सालीं डॅलसच्या एका न्यायाधीशाबाईंनीं परसंस्थानांत विवाह केलेल्या दोन पुरुषांचा घटस्फोटाचा अर्ज ऐकण्याचें ठरवितांच संस्थानच्या अ‍ॅटर्नी जनरलनीं धांव घेतली, आणि २०१० सालीं अपील कोर्टानें तो निर्णय फिरविला. घटस्फोट देणें म्हणजे विवाह झाला होता असें कबूल करणें. हवें तर विवाह मुळांतच शून्य आहे असें जाहीर करून घ्या. वरवर पाहतां मोकळें होण्याशीं काम, मग नांव कांहींही असो. परंतु जो विवाह झालाच नाहीं त्यांतील मिळकतीची वांटणी विवाहाच्या नियमांनीं होत नाहीं, पोटगीचा प्रश्न उठत नाहीं, आणि ज्यानें दहा वर्षें घर सांभाळून दुसऱ्याला कमावूं दिलें तो रिकाम्या हातांनीं उंबरठ्याबाहेर पडतो. वायोमिंगसारख्या तितक्याच सनातनी संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं एकमतानें दुसरा मार्ग दाखविला होता: कॅनडांत झालेल्या दोन स्त्रियांच्या विवाहाला घटस्फोटापुरती मान्यता दिल्यानें आमच्या येथें तसे विवाह न लावण्याच्या धोरणाला कांहीं बाध येत नाहीं. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो २०१५ च्या १९ जूनला, आणि तोही अशा एका जुन्या घटस्फोटाविषयीं, ज्यांत संस्थानानें हरकत फार उशिरां घेतली म्हणून घटस्फोट कायम राहिला. पुढच्याच आठवड्यांत, २६ जूनला, संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें हे विवाह सर्व देशभर मान्य केले, आणि त्याबरोबर ते मोडण्याचीं कोर्टेंही सगळीकडे उघडलीं. ऱ्होड आयलंडानें आपला कायदा त्यापूर्वीं दोन वर्षें, २०१३ सालींच, बदलला होता.

यूरोपांत ही फजिती टळली, याचें श्रेय डेन्मार्कच्या कायदेकारांना द्यावयास हवें. १ ऑक्टोबर १९८९ पासून त्यांनीं जगांतील पहिली नोंदणीकृत समलिंगी भागीदारी अंमलांत आणली, आणि त्याच कायद्यांत एक छोटें कलम घातलें: येथें नोंदलेली भागीदारी मोडण्याचा दावा येथील कोर्टांत केव्हांही आणतां येईल. बाहेर कोणी हा संबंध ओळखणार नाहीं हें त्यांना आधींच दिसलें होतें. ज्यानें बांधलें त्यानें सोडण्याची जबाबदारी घ्यावी, एवढें साधें व्यवहारज्ञान अमेरिकन संस्थानांना येण्यास वीस वर्षें लागलीं. कॅलिफोर्निया, व्हरमाँट इत्यादि ठिकाणीं बाहेरच्या दांपत्यांसाठीं वास्तव्याची अट सैल झाली ती २०१२ च्या सुमारास.

इंग्लंडांत कोर्टें उघडीं होतीं, पण कारणांची यादी पाहण्यासारखी होती. २००४ च्या सिव्हिल पार्टनरशिपच्या कायद्यांत विच्छेदाचीं जवळजवळ सर्व कारणें विवाहासारखींच घातलीं. व्यभिचार तेवढा वगळला. २०१३ सालीं प्रत्यक्ष विवाहाला परवानगी दिली तेव्हां व्यभिचार ठेवला, पण तो भिन्नलिंगी व्यक्तीशींच घडूं शकतो असें स्पष्ट लिहिलें. म्हणजे एका पुरुषाचा पति परस्त्रीकडे गेला तर व्यभिचार, परपुरुषाकडे गेला तर केवळ ‘असह्य वर्तन’! जुन्या धर्मकोर्टांनीं शरीरसंबंधाची जी व्याख्या करून ठेवली होती, तिला हात लावण्याचें धैर्य कायदा करणाऱ्यांना झालें नाहीं. ६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंड व वेल्समध्यें दोषारोपाचीं सर्वच कारणें गेलीं, आणि हा पेंच न सुटतांच निकालांत निघाला.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र कोर्टें उघडल्यावर पुढें आला. विवाह सुरू केव्हां झाला? कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत २००३ च्या जूनमध्यें विवाह मान्य होतांच दोन स्त्रियांनीं आठवड्याभरांत लग्न केलें, आणि पांच दिवसांनीं त्या विभक्त झाल्या. ऐकणारा हंसतो. पण त्यांचा संसार सुमारें दहा वर्षांचा होता. पांच दिवसांचा होता तो फक्त कायदा. घटस्फोटाच्या कायद्यांतील ‘पति-पत्नी’ची व्याख्या एक पुरुष व एक स्त्री एवढीच असल्यानें ती घटनाबाह्य ठरवून २००४ च्या सप्टेंबरांत त्यांना घटस्फोट द्यावा लागला. अमेरिकेंत तर असे संसार वीस-पंचवीस वर्षांचे निघाले, ज्यांत घर, पेन्शन, ठेवी सगळें विवाहाच्या नोंदीपूर्वींच जमलें होतें. नोंदीची तारीख धरावी तर आयुष्यभराची कमाई वांटणीबाहेर पडते. आधींची धरावी तर लग्नास उभे राहण्याची ज्यांना मनाई होती त्यांना मागाहून विवाहित ठरविल्यासारखें होतें. त्यांतच १९९६ पासून २०१३ पर्यंत मध्यवर्ती सरकार या विवाहांना ओळखतच नव्हतें, त्यामुळें घटस्फोटांत नवरा-बायकोंना करमुक्त मिळणारी मालमत्तेची अदलाबदल यांना करपात्र होई, आणि खासगी पेन्शनची विभागणीही नेहमींच्या मार्गानें होत नसे.

आपल्या देशांत सर्वोच्च न्यायालयानें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं असा विवाह हा मूलभूत हक्क नाहीं असा निर्णय दिला, आणि २०२५ च्या जानेवारींत फेरविचाराचे अर्जही फेटाळले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यांत घटस्फोटाचीं कांहीं कारणें फक्त पत्नीलाच मिळतात. दोन स्त्रियांत वा दोन पुरुषांत पत्नी कोणाला म्हणावयाचें, हा प्रश्न त्या वेळच्या सुनावणींत निघालाच होता. तेव्हां बोस्टनला विवाह करून पुण्यास कायमचें राहावयास आलेल्या दोघांना उद्यां विभक्त व्हावयाचें झालें तर येथल्या कौटुंबिक न्यायालयांत त्यांचा अर्ज घेण्यास आधार नाहीं, आणि तिकडचें कोर्ट वास्तव्याचें वर्ष मागेल. तोच विवाह टोरोंटोला झाला असता तर २०१३ च्या कॅनडाच्या कायद्यानें वाट आहे: विवाह न ओळखणाऱ्या देशांत दोघेंही वर्षभर राहिलेलीं असलीं पाहिजेत, आणि अर्जाला दोघांची संमति पाहिजे; एकानें ती अकारण रोखली, तर तसा कोर्टाचा हुकूम दाखवावा लागतो.